इल्म आणि जबाबदारी

कुरआनचा पहिला अवतरलेला शब्द ‘इक्रा’ आहे, हे आपण प्रत्येक शैक्षणिक मेळाव्यात अभिमानाने सांगतो. हिरा गुहेत तो शब्द ऐकवणारे जिब्रील समोर होते, हे मात्र विसरतो. आपल्या परंपरेत इल्म माणसाकडून माणसाकडे आले. हदीस स्वीकारताना ती कोणी कोणाकडून ऐकली, ही साखळी तपासली जाते. तजवीद उस्तादासमोर बसून, चुका दुरुस्त करून घेतच शिकली जाते. शिकवणारा आपल्या शिकवण्याला जबाबदार असतो, हा त्यामागचा नैतिक विचार आहे.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि हा विचार कसोटीला लागला. शिक्षण मोबाइलवर आले. अनेक घरांत फोन एकच. तो दिवसभर कामावर गेलेल्या बापाच्या खिशात. संध्याकाळी घरी आला, तर आधी मुलाच्या हातात. मुलीचा नंबर शेवटी. आज शाळा पुन्हा भरतात, पण ऑनलाइन शिक्षण स्वस्त आहे, म्हणून ते गरिबांसाठी उत्तम, हा युक्तिवाद कायम आहे. तो न्यायाचा आहे काय?

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात ऑनलाइन शिकणारे किंचित पुढे दिसले; पण अधिक फायदा वर्ग आणि ऑनलाइन यांची जोड मिळालेल्यांना झाला होता, आणि त्यात जादा वेळेचा व जादा साहित्याचाही वाटा होता. वॉशिंग्टन राज्यातील कम्युनिटी कॉलेजांचा २०१४ चा अभ्यास याहून बोलका आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमात जे मागे पडले, त्यांत कृष्णवर्णीय आणि आधीच कमी गुण असलेले विद्यार्थी अधिक मागे पडले. म्हणजे ज्याला आधाराची गरज जास्त, त्याचेच नुकसान जास्त.

याची दुसरी बाजूही आहे. कोरोनाकाळात बोट्सवानात सुमारे ४५०० कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काहींना गणिताचे प्रश्न फक्त संदेशाने पाठवले. काहींना संदेशासोबत शिकवणाऱ्याचा आठवड्यातून एक छोटासा फोनही गेला. नुसत्या संदेशाने फारसा फरक पडला नाही. ज्या मुलांना फोन गेला, ती मात्र गणितात पुढे गेली. साधन साधेच होते. पलीकडे माणूस होता.

म्हणून आमचा विरोध यंत्राला नाही. ज्या मुलीला दूरच्या कॉलेजात पाठवले जात नाही, तिला ऑनलाइन पदवीने वाट मिळते, हे आम्ही कसे नाकारू? वर्गात उभे राहूनही मुलाकडे न पाहणारे शिक्षक आपल्याला ठाऊक आहेतच. प्रश्न एवढाच, की ‘तुला समजले का?’ असे विचारणारा आणि उत्तर ऐकायला थांबणारा कोणी आहे की नाही.

मोहल्ल्यात टॅब वाटायचे, फोटो काढायचा आणि सवाब पदरात पडला असे समजायचे, हे सोपे आहे. त्याच मोहल्ल्यातील पदवीधर तरुणांनी दहा-दहा मुलांची विचारपूस आठवड्यातून एकदा करायची, हे कठीण आहे, कारण त्यात पैसा कमी आणि वेळ जास्त लागतो. मूल ही अमानत आहे असे आपण मानतो. मग तिचा हिशेब यंत्राकडून मागता येणार नाही. तो आपल्यालाच द्यावा लागेल.