गुरू घडविणाऱ्यांचे दायित्व

अंकपाताच्या वाटेने जाताना श्रीकृष्णाला शिकविणाऱ्या सांदीपनींचे स्मरण आपणा उज्जैनकरांना सहजच होते. परंतु सांदीपनींना कोणी शिकविले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. गुरू जन्मावा लागतो, असे म्हणून मोकळे होतो. हे कितपत खरे?

सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते. ताराबाई मोडक पदवीधर असूनही भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सहवासात बालशिक्षण नव्याने शिकल्या. १९४५ साली बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम आरंभिले. पुढे ते कोसबाडला गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. जिव्हाळा उपजत असेल. मुलाकडे पाहण्याची दृष्टी मात्र कमवावी लागते.

ती दृष्टी देणारी संस्थाच पोकळ निघाली तर? महाराष्ट्रातील डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०११ साली न्या. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. देशातील सुमारे ९० टक्के सेवापूर्व प्रशिक्षण संस्था खाजगी असल्याचे त्याच्या २०१२ च्या अहवालाने दाखविले. मात्र खाजगी असणे हा दोष नव्हे. बोर्डीचे कार्यही शासनाने सुरू केलेले नव्हते. दोष न पाहणाऱ्या डोळ्यांचा असतो.

ते डोळे माझेही होते. शासकीय सेवेत असताना एका अध्यापक महाविद्यालयाच्या तपासणीस मी गेलो होतो. ग्रंथालयातील पुस्तकांवर दुसऱ्याच संस्थेचे शिक्के होते. मी ते पाहिले आणि अहवालाखाली सही केली. पुस्तकांची संख्या तर नियमाप्रमाणे भरते, अशी मनाची समजूत घातली.

कच्चा पूल पडला की दिसतो, चौकशी होते. कच्च्या शिक्षकाच्या हाताखाली झालेली पडझड दिसत नाही. ज्या मुलांचे नुकसान झाले, त्यांना ते कळतही नाही. म्हणून अशा सहीचा अपराध मला इतर चुकांहून मोठा वाटतो. प्रशिक्षणार्थींपैकी काही जण स्वकष्टाने उत्तम शिक्षक झालेही असतील. परंतु त्यांचे पुण्य माझ्या खाती जमा होत नाही.

सांदीपनींनी गुरुदक्षिणा म्हणून आपला गेलेला पुत्र परत मागितला आणि श्रीकृष्णाने तो आणून दिला, अशी कथा आहे. एखाद्या वर्गाचे वाया गेलेले बालपण मात्र कोणीही परत आणून देऊ शकत नाही.