खिशातील शस्त्र

माणूस घराबाहेर पडताना खिशात काय घेऊन निघतो, यावरून त्याच्या मनातील भरवसा आणि भीती दोन्ही पुष्कळशी कळतात. रुमाल, थोडे पैसे, घराची किल्ली आणि जपमाळ एवढ्या ऐवजावर आपल्या वाडवडिलांची आयुष्ये पार पडली. अमेरिकेत मात्र आज लक्षावधी माणसे या वस्तूंच्या जोडीला एक लहानसे पिस्तूल खिशात घालून सकाळी कामावर निघतात. आमच्या परिचयातील एका मातेचा मुलगा तिकडे स्थायिक झाला आहे. त्याच्याकडे काही महिने राहून परतल्यावर तिने आम्हांला विचारले, “तो ते मिस्सालाही बरोबर नेतो. सरकारी परवाना आहे म्हणतो. पण हे पाप नाही ना?” प्रश्न साधा होता, उत्तर मात्र साधे नव्हते. ते शोधताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम त्या वस्तूविषयी. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने विसाव्या शतकाच्या आरंभी एक चिमुकले पिस्तूल घडविले. कोल्ट कंपनीने ते १९०८ पासून ‘व्हेस्ट पॉकेट’, म्हणजे जाकिटाचा खिसा, या नावाने विकले. वजन सुमारे ३७० ग्रॅम, गोळीचा व्यास पाव इंच आणि गोळीचे वजन जेमतेम सव्वातीन ग्रॅम. पुढे ही पिस्तुले आणखी हलकी होत गेली. केल-टेक कंपनीचे ‘पी-३२’ रिकामे असता २०० ग्रॅमही भरत नाही. २००८ मध्ये आलेले रुगर कंपनीचे ‘एलसीपी’ पावणेतीनशे ग्रॅमच्या आतले. बेरेटा कंपनीच्या काही लहान पिस्तुलांची नळी मागच्या बाजूने वर उचलून पहिले काडतूस सरळ तीत ठेवता येते, त्यामुळे संधिवाताने बोटे आखडलेल्या वृद्धांनाही ती सोयीची वाटतात.

ही पिस्तुले प्रिय का, याचे उत्तर त्यांचे मालक मोकळेपणाने देतात. मोठे शस्त्र जड असते. उन्हाळ्याच्या पातळ कपड्यांत ते लपत नाही. चार दिवसांनी माणूस ते कपाटात ठेवून बाहेर पडतो आणि प्रसंग नेमका पाचव्या दिवशी येतो. घरी राहिलेल्या मोठ्या शस्त्रापेक्षा जवळ असलेले लहान शस्त्र बरे, हा त्यांचा सिद्धांत. त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? तेथील राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून आहे आणि घराबाहेरही स्वसंरक्षणासाठी ते जवळ ठेवण्याचा हक्क तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केला आहे. आपल्याकडचा कायदा कडक असला, तरी भीती तीच आहे. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अमानुष घटनेनंतर, २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून अर्ध्या किलोचे एक रिव्हॉल्व्हर बाजारात आणले आणि त्याचे नाव ठेवले ‘निर्भीक’. तेव्हा भ्यालेल्या माणसाची थट्टा करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

ख्रिस्तसभेनेही ती केलेली नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा खोल विचार केला. स्वसंरक्षणाच्या एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात: आपला जीव वाचणे आणि हल्लेखोराचा जाणे. पहिला परिणाम हाच हेतू असेल आणि वापरलेले बळ गरजेपुरतेच असेल, तर ती कृती निषिद्ध नाही. गरजेहून अधिक बळ मात्र निषिद्ध आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात, १९९२ साली प्रसिद्ध झालेला धर्मशिक्षण ग्रंथ हाच विचार पुढे नेतो आणि ज्याच्यावर इतरांच्या जीविताची जबाबदारी आहे, त्याच्या बाबतीत संरक्षण हे गंभीर कर्तव्यही ठरू शकते, असे सांगतो. त्या मातेच्या मुलाला पत्नी आहे, दोन लेकरे आहेत.

मग शंका उरते ती कोठे? आमच्या मते ती ‘लहान’ या शब्दात दडली आहे. लहान गोळी म्हणजे कमी इजा, म्हणजे गरजेपुरते बळ, असे आपल्या मनात सहज येते. वस्तुस्थिती निराळी आहे. लहान गोळीने हल्लेखोर जागच्या जागी थांबेलच याची खात्री नसते. पिस्तूलधारकांचे निम्मे वाद याच मुद्द्यावर चालतात. परंतु जी गोळी थांबवू शकत नाही, ती जीव घेऊ शकते. सेनेटर रॉबर्ट केनेडी, जे स्वतः कॅथोलिक होते, त्यांच्यावर ५ जून १९६८ रोजी झाडलेल्या गोळ्या ‘.२२’ या अगदी लहान मापाच्या होत्या; सुमारे पंचवीस तासांनी त्यांचे निधन झाले. त्याच मापाच्या गोळीने १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी यांना जन्मभराचे अपंगत्व दिले. पिस्तूल विकण्यापूर्वी ग्राहकाची चौकशी बंधनकारक करणारा १९९३ चा कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींवर झाडलेल्या तीन गोळ्याही ‘.३८०’ या मापाच्या, म्हणजे आजच्या ‘एलसीपी’त बसतात त्याच मापाच्या होत्या. संत थॉमस यांनी घालून दिलेली गरजेपुरत्या बळाची मर्यादा पिस्तुलाच्या मापाने पाळली जात नाही. ती माणसालाच पाळावी लागते.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. या पिस्तुलाचा सर्वात मोठा गुण म्हणजे त्याची जवळीक. ते सदैव हाताशी असते. परंतु हाताशी असते ते कोणत्या क्षणी? चोर आयुष्यात एकदा येईल किंवा कधीच येणार नाही. राग मात्र आठवड्यातून दोनदा येतो आणि निराशेची रात्र प्रत्येकाच्या वाट्याला केव्हा ना केव्हा येते. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीच्या गोळीने ४८,८३० माणसे दगावली. त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे होते. परक्याच्या भयाने विकत घेतलेले शस्त्र अशा वेळी मालकावर किंवा त्याच्या घरच्यांवरच चालते. दुसऱ्या साधनाकडे वळलेला हताश माणूस वाटेत थबकू शकतो, कोणी दार ठोठावू शकते. खिशातील पिस्तूल पश्चात्तापाला तेवढी सवड देत नाही.

प्रभूच्या शिष्यांपाशीही शस्त्रे होती. शेवटच्या भोजनाच्या रात्री त्यांच्याजवळ दोन तलवारी होत्या, असे संत लूक नोंदवितो. प्रभूने त्या काढून घेतल्या नाहीत. परंतु गेथशेमनी बागेत पेत्राची तलवार उपसली गेली, ती त्याच्या भयाच्या आणि संतापाच्या क्षणी. तिने प्रभूचे रक्षण झाले नाही; एका सेवकाचा कान मात्र तुटला. प्रभूने तलवार म्यानात घालावयास सांगितले आणि तो कान बरा केला. पिस्तुलाने केलेली जखम अशी बरी करण्याचे सामर्थ्य आपल्यापैकी कोणातही नाही.

त्या मातेला आम्ही सांगितले की, तुमच्या मुलाला पापी ठरविण्याचा अधिकार आम्हांला नाही. मात्र पुढच्या वेळी त्याच्याशी बोलाल, तेव्हा तीन प्रश्न अवश्य विचारा. रात्री ते कोठे ठेवतोस आणि मुलांचा हात तेथे पोहोचतो का? मन खचलेल्या दिवशी ते कोणाच्या स्वाधीन करतोस? आणि अनोळखी माणूस समोर आला की आधी तुझ्या तोंडून नमस्कार निघतो, की हात खिशाकडे जातो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तो लगेच देईल. तिसऱ्यापाशी तो थोडा वेळ गप्प राहिला, तर त्याला तसेच गप्प राहू द्या.