किती बळ, कोणाच्या मतीने

पावसाळ्यातल्या शनिवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर उभा असलेला हवालदार तासाभरात जितके निर्णय घेतो, तितके एखादं कार्यालय आठवड्यातही घेत नसेल. कोणाला शिट्टी मारून वर बोलवायचं, कोणती गाडी माघारी वळवायची, कुठल्या टोळक्याला नुसता दम द्यायचा आणि कोणाला ठाण्यात न्यायचं, हे तो भिजत्या रेनकोटात उभ्या उभ्या ठरवतो. 30 जून 2024 रोजी इथेच धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश आले. पण आदेश झाला तरी तो कोणावर किती ताणायचा, हे हवालदारच पाहतो. ही मोकळीक हवीच. तिच्याशिवाय पोलिसी काम एक दिवस चालणार नाही.

प्रश्न तिच्या हिशेबाचा आहे. अटकेच्या बाबतीत आपल्या कायद्याने हा हिशेब हळूहळू मागायला सुरुवात केली. पूर्वी दखलपात्र गुन्ह्याचा वाजवी संशय एवढं अटकेला पुरे होतं. 1994 साली जोगिंदर कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की अटकेचा अधिकार असणं वेगळं आणि अटक करण्याची गरज असणं वेगळं. पुढे डी. के. बसू खटल्यातून अटकेचा पंचनामा आणि नातेवाइकांना कळवण्याचं बंधन आलं. नोव्हेंबर 2010 पासून सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक का केली, आणि का केली नाही, दोन्हींची कारणं लिहिणं बंधनकारक झालं. फौजदाराने मनाशी जे ठरवलं ते कागदावर उतरवायचं, ही माझ्या मते गेल्या शंभर वर्षांतली मोठी सुधारणा आहे.

अटकेचा हिशेब असा लागला, बळाचा नाही. या बंधनानंतर नऊ महिन्यांनी, 9 ऑगस्ट 2011 रोजी, मावळात बऊर इथे गोळी चालली. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याला शेतकऱ्यांचा विरोध होता. द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, दोन पुरुष आणि एक बाई गेली. निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा चौकशी आयोग नेमला गेला. मावळात आजही नऊ ऑगस्ट म्हटलं की क्रांतिदिनाबरोबर बऊर आठवतं.

त्या दिवशी ज्या कलमाचा आधार होता, ते जुनंच. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जमाव पांगवण्याचा हुकूम दंडाधिकारी किंवा ठाण्याचा अंमलदार देऊ शकत असे. 1973 च्या नव्या संहितेत ठाणे अंमलदार नसेल तर फौजदारालाही तो अधिकार मिळाला. म्हणजे अटकेचा अधिकार पुढे आवळला गेला, बळाचा अधिकार मात्र त्याआधीच खालच्या पायरीपर्यंत उतरला होता. उतरू दे, घटनास्थळी अनेकदा फौजदारच असतो. मला खटकतं ते दुसरंच. त्या संहितेतली कलमं 129 आणि 130 शेजारी शेजारी ठेवून वाचा. लष्कराला पाचारण केलं तर त्याच्या अधिकाऱ्याने कमीत कमी बळ वापरावं, माणसांना आणि मालमत्तेला कमीत कमी इजा करावी, असं 130 स्पष्ट सांगत होतं. पोलिसांसाठीच्या 129 मध्ये ते वाक्य नव्हतं; बळाने जमाव पांगवता येईल, एवढंच. मर्यादा पोलिसांच्या नियमावलीत आहे, संहितेत नाही. शिवाय सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण आहे, आणि खटला भरायचा तर आधी सरकारची मंजुरी.

सैनिकाला जे कायद्याने सांगावं लागतं, ते हातात रायफल दिलेल्या शिपायालाही सांगितलं पाहिजे. माझ्या गावाकडचा शिपाईसुद्धा हे मान्य करील, कारण साहेबाच्या तोंडी हुकुमावर गोळी झाडून पुढे चौकशीला एकट्याने उभं राहणं त्याच्याच नशिबी येतं. हुकूम कोणी दिला, आधी इशारा दिला का, पाण्याचा मारा किंवा अश्रुधूर का पुरला नाही, हे त्याच दिवशी ठाण्याच्या डायरीत लिहायचं बंधन अटकेच्या कारणांइतकंच कडक करता येईल.

बऊरनंतर बारा वर्षांनी, 2023 मध्ये, संहिता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणून नव्याने लिहिली गेली. 129 आता 148 झालं, 130 चं 149. कमीत कमी बळाचं ते वाक्य 149 मध्येच राहिलं. 148 मध्ये ते आणायला एक ओळ पुरली असती.