पडलेला माड आणि मजुरीचा भाव

3 जून 2020 रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळानें श्रीवर्धन-दिवेआगरकडील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. अशा वेळीं घरावर कोसळलेला माड काढणारा दुप्पट मजुरी मागूं लागला, कीं त्यास लुटारू ठरवून आम्ही मोकळे होतों. वस्तुतः ओल्या कौलांवर उभें राहून, बुंधा तुटतांच खोड कोणीकडे घरंगळेल याचा अंदाज बांधीत करवत चालविणें हें जिवावरचें काम. त्या जोखमीचा मोबदला आम्हांस तरी अन्याय्य वाटत नाहीं. आमचें मन आम्हांस खातें तें निराळ्याच गोष्टीसाठीं. ऐन पावसाच्या तोंडावर शेजारच्या वृद्धेचें स्वयंपाकघर उघडें पडलेलें असतें, आमच्या पडवीचीं केवळ चार कौलें फुटलेलीं असतात. तरी अधिक नोटा पुढें करून त्याला प्रथम आपल्या दारीं नेणारे आम्हीच, आणि मागाहून भावाची तक्रारही आमचीच.