‘माझे चुकले’ म्हणणारा नेता

नेतृत्वाविषयी आपण पुष्कळ ऐकतो. वक्तृत्व, संघटनकौशल्य, दूरदृष्टी, वेळेचे नियोजन अशा गुणांची यादी शिबिरांतून फळ्यावर लिहिली जाते आणि शिबिरार्थी ती वहीत उतरवून घेतात. परंतु अनेक कर्तबगार माणसांचे नेतृत्व जेथे अडून बसते, ती जागा या यादीत सहसा सापडत नाही. आपल्या हातून चूक झाली, हे चारचौघांत मान्य करता न येणे, ही ती जागा होय. वरवर पाहता हा केवळ स्वभावदोष वाटतो. थोडे खोल गेल्यास मात्र त्यात एक गंभीर नैतिक प्रश्न दडलेला दिसतो: ज्याच्या शब्दावर इतरांनी विसंबायचे, त्याचाच शब्द निराधार ठरला, तर त्याने काय करावे?

हा प्रश्न १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्यापुढे उभा राहिला. पुण्यात त्या वर्षी प्लेगने थैमान घातले होते. रोग आटोक्यात आणण्यासाठी सरकारने रँड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि घरोघरच्या झडतीचे काम गोऱ्या सैनिकांवर सोपविले. देवघरे, स्वयंपाकघरे यांचा मान राखला जात नसल्याची तक्रार सर्वत्र होती. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राध्यापक असलेले गोखले त्या वेळी वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून त्यांना परिचितांची पत्रे आली. सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला व त्यांपैकी एकीने आत्महत्या केली, असे त्यांत लिहिले होते. गोखल्यांनी ही हकीकत ‘मँचेस्टर गार्डियन’ या वृत्तपत्राला सांगितली. मुंबई सरकारने तिचा साफ इन्कार केला.

दरम्यान २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. धरपकड सुरू झाली. लोकमान्य टिळकांना अटक झाली आणि शहरावर दहशतीचे सावट पसरले. जुलैअखेर गोखले स्वदेशी परतले, तेव्हा ज्यांनी पत्रे लिहिली होती, त्यांच्यापैकी कोणी पुढे येऊन साक्ष देईल अशी परिस्थिती उरली नव्हती. पुरावा हाती येईना.

एकतीस वर्षांच्या त्या प्राध्यापकापुढे तीन वाटा होत्या. पत्रलेखकांची नावे सांगून स्वतःची सुटका करून घ्यावी, ही पहिली. मौन पाळून प्रकरण विसरले जाण्याची वाट पाहावी, ही दुसरी. जे सिद्ध करता येत नाही ते आपण बोलायला नको होते, असे जाहीरपणे सांगावे, ही तिसरी. न्या. रानडे यांच्यासारख्या वडीलधाऱ्यांशी विचारविनिमय करून गोखल्यांनी तिसरी वाट धरली. ऑगस्टच्या आरंभी त्यांनी गव्हर्नर, प्लेग समितीचे सभासद आणि सैनिक यांची विनाअट माफी मागितली. पत्रे कोणी पाठविली, हे मात्र त्यांनी उघड केले नाही.

त्याची किंमत त्यांना दोन्हीकडून मोजावी लागली. राज्यकर्त्यांच्या वृत्तपत्रांनी त्यांना खोटारडे ठरविले, तर स्वकीयांपैकी अनेकांनी भेकड म्हटले. स्वकीयांचा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नव्हता. पुरावा मिळाला नाही, म्हणजे अत्याचार झालाच नाही, असे थोडेच सिद्ध होते? ज्यांच्या घरांत सैनिक घुसले त्यांचे दुःख खरेच होते. मग त्यांच्या बाजूने बोलणाऱ्याने बलवानांपुढे मान का तुकवावी? पीडितांची बाजू घेणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नाशी प्रामाणिकपणे झुंजायला हवे.

मला वाटते, गोखल्यांच्या कृतीत याचे उत्तर आहे. कार्य न्याय्य आहे, म्हणून त्याच्या समर्थनार्थ केलेले प्रत्येक विधान खरे ठरत नाही. उलट एका विधानाचा आधार ढासळला आणि तरीही आपण त्याला चिकटून राहिलो, तर आपली खरी गाऱ्हाणीदेखील संशयाच्या छायेत येतात. माफी मागताना गोखल्यांनी आपले राजकारण सोडले नाही, सरकारची चाकरी पत्करली नाही, की आपल्या बांधवांची दुःखे मांडणे थांबविले नाही. त्यांनी मागे घेतले ते एक विधान. सत्य आणि आपली बाजू या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची ही शिस्त आपल्याला फार जड जाते. कारण आपल्या बाजूवरील निष्ठा हीच सत्यनिष्ठा, असा आपला समज झालेला असतो.

चूक मान्य करण्याच्या आड आणखी दोन भिंती येतात. पहिली प्रतिष्ठेच्या भीतीची. मान्य केले, तर लोक ऐकेनासे होतील, असे पदावरील माणसाला वाटते. येथे अधिकार आणि विश्वास यांची गल्लत होते. अधिकार पदासोबत येतो आणि पदासोबत जातो; विश्वास मात्र दिवसेंदिवस कमवावा लागतो. दुसरी भिंत भोवतालच्या माणसांची. नेत्याभोवती हळूहळू होकार देणाऱ्यांचे कडे जमते आणि त्याची चूक त्याच्या कानी जाणेच बंद होते. गोखल्यांचे भाग्य असे, की त्यांना अप्रिय सल्ला देऊ शकणारे वडीलधारे होते. आणि त्यांचा मोठेपणा असा, की त्यांनी तो सल्ला विचारला.

पुढील इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १८९९ मध्ये गोखले मुंबई विधिमंडळावर निवडून आले. १९०२ मध्ये केंद्रीय विधिमंडळात त्यांनी केलेले अंदाजपत्रकावरील भाषण गाजले. १९०५ मध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ते बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. हे यश माफीचे बक्षीस होते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. सचोटीने वागणाऱ्याला यश मिळतेच असे नाही. १९११ मध्ये त्यांनी मांडलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पुढच्याच वर्षी फेटाळले गेले. पण १८९७ नंतर ते आकडे व पुरावे हाती घेऊनच बोलत राहिले आणि विरोधकांनाही त्यांच्या शब्दाची दखल घ्यावी लागली. त्यांना गुरू मानणाऱ्या गांधीजींनी १९१९ मध्ये, लोकांची पुरेशी तयारी नसताना सत्याग्रहाची हाक दिल्याबद्दल, आपल्या चुकीला हिमालयाची उपमा दिली आणि आंदोलन थांबविले.

आपल्या ख्रिस्ती परंपरेला ही वाट अपरिचित नसावी. पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई ही प्रायश्चित्त संस्काराची अंगे आपण लहानपणीच शिकतो. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममधील संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या सदस्यांनी गतकाळी केलेल्या अपराधांबद्दल देवाजवळ क्षमा मागितली. परंतु पापनिवेदनाच्या खिडकीशी आपण जे सहज बोलतो, ते सभेत किंवा घरच्या बैठकीत ओठांवर येत नाही. धर्मग्रामाची समिती असो, पतपेढीचे संचालक मंडळ असो, शाळेचे व्यवस्थापन असो, की कुटुंबाचा कर्ता पुरुष असो, सर्वांची अडचण सारखीच आहे. मुलाला विनाकारण रागावलेल्या वडिलांना संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन ‘बाळा, माझे चुकले’ असे म्हणणे डोंगर चढण्याइतके कठीण वाटते. धर्मगुरूही याला अपवाद नाहीत. वेदीवरून बोलणाऱ्याला उलट उत्तर मिळत नसल्याने त्यांनी तर अधिकच सावध राहायला हवे.

अशी कबुली कशी असावी, हेही गोखल्यांच्या उदाहरणावरून समजते. ती वेळेवर असावी. सर्व बाजूंनी कोंडी झाल्यावर दिलेली कबुली ही निव्वळ शरणागती असते. ती नेमकी असावी. ‘कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमस्व’ या वाक्यात चुकीचा मागमूसही नसतो. आणि तिचा भार दुसऱ्याच्या माथी मारलेला नसावा. ज्यांनी आपल्याला माहिती दिली, ज्यांनी आपल्या सांगण्यावरून काम केले, त्यांना पुढे ढकलून मागितलेली माफी हा दुसरा अपराध होय.

येत्या वर्षी आपल्या धर्मग्रामांत आणि संस्थांत नव्या समित्या निवडल्या जातील. उमेदवाराचे वक्तृत्व आणि कार्यक्षमता आपण अवश्य पाहावी. त्याबरोबरच, या माणसाने आजवर कधी ‘माझे चुकले’ असे म्हटले आहे काय, आणि म्हटले असल्यास त्यानंतर ते काम कसे दुरुस्त केले, याचीही विचारपूस करावी. आणि ज्याने असे म्हटले असेल, त्याची ती कबुली पुढे कधी त्याच्याविरुद्ध शस्त्र म्हणून वापरू नये. कबुली देणाऱ्याची आपण टिंगल करीत राहिलो, तर आपल्याला चुका लपविणारेच नेते मिळतील आणि त्याचा दोष आपल्यालाही लागेल.