धूर, अग्नी आणि बंद पडणारा संगणक

कार्यावरून कारणाचे अनुमान कितपत खात्रीचे, हा न्यायदर्शनाचा जुना प्रश्न. उन्हाळ्यात दुबई-शारजात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तिथे घरी जुळवलेला पहिलाच संगणक अचानक बंद पडला की खापर हवेवर फुटते. पण ‘बंद पडणे’ हा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, सव्यभिचार आहे, एकाच कारणाकडे बोट दाखवत नाही: प्रोसेसर शंभर अंशांच्या पुढे तापला तरी संगणक बंद पडतो, आणि ग्राफिक्स कार्डाने एकदम ओढलेला भार पॉवर सप्लायला पेलला नाही तरीही.

इथे उपयोगी पडतो अन्वय-व्यतिरेक: कारण असताना कार्य होते का आणि नसताना टळते का, हे पाहणे. तापमान चढत जाऊन, यंत्र आधी मंदावून मग बंद पडत असेल, तर प्रोसेसरवरचा कूलर उतरवून पाहावा. त्याच्या तळाचे पारदर्शक प्लास्टिक सोलायचे राहणे नवख्यांत नेहमीचेच. तापमान जेमतेम ६० अंश असतानाच, गेम सुरू होताक्षणी सगळे विझत असेल, तर पुरेशा वॅटचा, चालू असल्याची खात्री असलेला दुसरा पॉवर सप्लाय लावावा. एका वेळी एकच बदल. दोन केले तर गुण कशाने आला ते कळत नाही.

नैयायिकांच्या मते नुसत्या अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही, ओले सरपण लागते. दुबईच्या उकाड्याचेही तसेच: कूलर नीट बसवलेले संगणक त्याच इमारतीत बिनबोभाट चालतात.