उगाच घाबरेल म्हणून

आपली भुतं मुळात गावाकडची. पडका वाडा, पाणंद, विहीर, पिंपळ हे त्यांचे ठरलेले मुक्काम. बोरिवली-मुलुंडच्या ज्या ब्लॉकमध्ये शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याही ऐकू येतात, तिथे भुताला जागा कुठून मिळणार? राम गोपाल वर्मांनी २००३ च्या ‘भूत’मध्ये ती करून दिली. मुंबईतली उंच इमारत, लिफ्ट, वॉचमन, कामवाली बाई, आणि चित्रपटभर एकही गाणं नाही. ऊर्मिला मातोंडकर त्यात अंगात आल्यासारखी वावरली. तो पाहून आलेली कितीतरी माणसं रात्री लिफ्टमध्ये एकटं जायला कचरत होती.

मग ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘भूत रिटर्न्स’ आला. या वेळी थ्रीडी चष्मा होता, प्रशस्त बंगला होता, मनीषा कोईराला होती, बाहुली होती आणि कानठळ्या बसवणारे आवाज होते. तरीही प्रेक्षक थंडच राहिला. आवाजाने माणूस दचकतो, पण दचकणं क्षणात ओसरतं. भीती घरापर्यंत सोबत येते, कारण पडद्यावरचं घर तिला आपल्या घरासारखं दिसलेलं असतं. बंगला आपल्यापैकी कितीजणांचा असतो?

पण फरक नुसता फ्लॅट आणि बंगल्याचा नव्हे. पहिल्या चित्रपटात अजय देवगणच्या विशालला आधीच कळलेलं असतं की, या घरात राहणारी बाई इथूनच खाली पडून मेली. भुताखेतांवर त्याचा विश्वास नाही. बायको उगाच घाबरेल, म्हणून तो तिला काही सांगत नाही. त्याचा हेतू चांगलाच असतो. आणि प्रेक्षकाला खरा काटा येतो तो इथेच: ज्या घरात आपण झोपतो, त्याच्याबद्दल आपल्याच माणसाला काहीतरी ठाऊक आहे आणि ते आपल्याला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या चित्रपटाच्या हातातही असंच सोनं होतं. त्यात छोटी निम्मी सगळं सांगत असते. ही बाहुली शब्बूची, शब्बू माझी मैत्रीण, ती इथेच असते. आईबाप मात्र तो पोरखेळ समजतात. पहिल्या घरात सांगणारा गप्प, दुसऱ्यात ऐकणारे बहिरे. मूल सांगतंय आणि घर ऐकत नाही, यापेक्षा भयंकर ते काय असणार? दिग्दर्शकाने नेमकं हेच हातचं सोडलं आणि प्रेक्षकाला दचकवण्यातच सगळी हौस भागवून घेतली. चित्रपट तिथे फसला.

आपल्या घरांतही याच दोन गोष्टी रोज घडतात. ब्लॉक घेताना आपण कार्पेट एरिया विचारतो, पार्किंग विचारतो, भोगवटा प्रमाणपत्र तपासतो. पुढे त्याच घरात नोकरी गेल्याचं बायकोपासून, गाठीच्या तपासणीचं मुलांपासून, थकलेल्या हप्त्याचं म्हाताऱ्या आईपासून लपवलं जातं. सगळं उगाच घाबरतील म्हणून. पण घरातल्यांना ते कळतंच. दार लावून केलेला फोन, जेवताना हरवलेलं लक्ष, अचानक आवरलेलं बोलणं यातून त्यांना चाहूल लागते. खरं काय ते माहीत नसल्यामुळे मग ती माणसं मनाने त्याहून वाईट काहीतरी रचत बसतात. न सांगितलेल्या गोष्टीला हातपाय फुटतात ते असे.

आणि शाळेत जायचं नाही म्हणून रोज सकाळी पोट दुखणारं मूल? त्याला ‘नाटकं करू नकोस’ म्हणून व्हॅनमध्ये बसवलं की आपलं काम झालं!

तेव्हा आज घरातल्या कुणापासून काही लपवून ठेवलं असेल, तर सांगून टाका. आणि घरातलं लहान कुणी काही सांगू पाहत असेल, तर हातातला मोबाईल बाजूला ठेवून आधी सगळं ऐकून घ्या. खरं-खोटं नंतर ठरवता येईल.